मेंढरांच्या कळपातली बॅटरी

मी एक बॅटरी बोलतेय. टॉर्चमध्ये घालतात ती नव्हे आणि मोबाइलमधलीही नव्हे. मी जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी आहे. अंगावर निळं प्लॅस्टिकचं वेष्टन, एका बाजूनं निघालेली जाड वायर आणि वर एक लाल बटण. सध्या माझा मुक्काम मंद्रूपच्या पलीकडं एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात आहे. शेजारी मेंढरं बसलेली असतात. माझ्या अंगाला लोकरीचा आणि लेंड्यांचा वास येतो आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. उलट, सोलापूर जिल्ह्यात माझ्याइतकं फिरलेली आणि राबलेली बॅटरी शोधून दाखवा, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन. हात नाहीत, छातीही नाही, ती गोष्ट वेगळी!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या आत बोटाएवढे पुष्कळ सेल आहेत आणि खरा जीव त्या सेलांत आहे. प्रत्येक सेलच्या पोटात दोन बाजू असतात. मी काम करू लागले की लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं आणि त्या जाण्यातूनच वीज मिळते. लिथियम जिथं येऊन मुक्काम करतं, त्या बाजूला कॅथोड म्हणतात. तिथं पातळ पत्र्यावर काळ्या पावडरीचा लेप दिलेला असतो. पुष्कळ बॅटऱ्यांत ही पावडर एकाच जातीची असते. माझ्यात दोन जातींची आहे.

त्यातली एक मँगनीजची. ती मोठी चपळ. अचानक जोर लागला की ती आधी धावते. पण तिचं पोट लहान, आणि ऊन तिला सोसत नाही. दुसऱ्या पावडरीत निकेल, कोबाल्ट आणि थोडं मँगनीज. तिच्यात वीज जास्त मावते आणि ती लांबवर पुरते, मात्र एकदम जोर मागितला की तिची दमछाक होते. कारखान्यात मोठ्या पिंपात दोघींना एकत्र घुसळलं आणि एकाच पत्र्यावर लेपलं.

सुरुवातीला मला वाटायचं, या दोघींचं काही जमायचं नाही. पण जमलं. धक्का मँगनीज सोसतं आणि जरा उसंत मिळाली की निकेलवाली त्याची भरपाई करून देते. उष्णतेनं माझ्या आत आम्ल तयार होतं आणि ते मँगनीजला कुरतडतं. त्यातलं पुष्कळसं आम्ल निकेलवाली स्वतःवर घेते. एकटं मँगनीज सोलापूरच्या उन्हाळ्यात कधीच खचलं असतं. मी टिकले, कारण माझ्यात दोघी आहेत.

माझे पहिले मालक शिवशरण. शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरी घेत दुकानोदुकानी फिरणारे एजंट. मी त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या सीटखाली बसून आले. पहिल्या दिवशी त्यांनी स्कूटरला हार घातला, लिंबू ठेवलं, पत्नीला मागं बसवून सात रस्ता चौकापर्यंत फिरवून आणलं. मी एका दमात पळाले. ‘पळते बघ कशी!’ असं ते मागं वळून सांगत होते आणि ती ओरडत होती, ‘अहो, पुढं बघा की!’

माणसांची एक सवय मला तेव्हाच कळली. नवी वस्तू असली की तिच्याकडं सारखं बघत राहायचं आणि जुनी झाली की तिला दोष द्यायचा. शिवशरण भर मे महिन्यात मला गणवेशांच्या गोदामासमोर उन्हात उभं करायचे. सीट इतकी तापायची की बसताना ते तिच्यावर फडकं टाकायचे. मी मात्र त्याच सीटखाली असायचे. घरी आले की तशाच तापलेल्या अंगानं मला चार्जिंगला लावायचे. हळूहळू माझी धाव कमी झाली. मग ते रस्त्यात थांबून मला नावं ठेवायचे. शेवटी त्यांनी नवी बॅटरी बसवून घेतली आणि मला विजापूर रस्त्यावरच्या हेमावतीच्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात सोडलं.

हेमावतीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि काम अडलं की दोन्ही भाषांत पुटपुटते. तिनं मला टेबलावर घेतलं, माझं झाकण काढलं आणि एकेक सेल सुटा करून तपासायला लावला. मला वाटलं होतं, आता भंगारच. पण सेल रिकामा होताना संगणकाच्या पडद्यावर उमटणारी विजेची रेघ ती बघत बसली आणि एकदम म्हणाली, ‘अय्यो, ही तर मिक्स दिसतेय!’ माझ्यातल्या दोन पावडरी तिला त्या रेघेच्या वळणांवरून ओळखू आल्या होत्या. खराब सेल तिनं बाजूला काढले. चांगले उरले होते ते निवडून फळीवर ठेवले.

मी त्या फळीवर बराच काळ पडून होते. अंगावर धूळ बसली. समोरून स्कूटरी जायच्या, रिक्षा जायच्या, आणि आपला कुणाला काही उपयोग उरला आहे की नाही, असं वाटू लागलं. तेवढ्यात एका दुपारी दुकानाच्या दारात मायाक्का उभी राहिली.

मायाक्का धनगराची सून. चाळिशीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं कुंकू. तिचं गाव मंगळवेढ्याकडं. सुगी संपली की तिचा सासरा ज्ञानबा आणि ती मेंढरं घेऊन निघतात आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत मंद्रूपपर्यंत येतात. नवरा बिरुदेव साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. म्हणजे कळप सासऱ्यावर आणि सुनेवर.

तिच्या पिशवीत मेंढरांची लोकर कातरायचं मशीन होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं.

‘ताई, हे मिशन लाइटीवर चालतंय. आमी ऱ्हातो रानात. तितं लाइट कुटली? ह्याला बॅटरी करून देशील का?’

हेमावतीनं मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं. ‘कुटून घेतलं, अक्का?’

‘सिद्धेश्वराच्या जत्रंत परदर्शन भरतंय न्हवं, तितनं. सासऱ्याला ठावं न्हाय अजून.’

‘का?’

मायाक्का दाराच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. वर्षातून दोनदा मेंढरं कातरावी लागतात. पूर्वी ज्ञानबा मोठी लोखंडी कातर घेऊन एका बैठकीत निम्मा कळप मोकळा करायचा. आता त्याची बोटं आखडली आहेत, कातर मिटत नाही. कातरणारी दुसरी माणसं म्हातारी झाली, त्यांची पोरं शहरात गेली. दिवाळीत कुणी आलंच नाही. वर्षभर लोकर वाढून तिच्या गाठी झाल्या आहेत, आत गोचीड भरलेत, आणि या उन्हात मेंढरं धापा टाकत उभी राहतात. ज्ञानबानं शेवटी बापूसाहेब नावाच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला आहे की, कळप विकायचाय, येऊन बघ.

‘आमचं मालक फोनवर म्हनत्यात, इकून टाका, सुटा एकदाचं. त्यांचं सुटंल. माजं काय? लगीन झाल्यापास्नं मी ह्या मेंढरांमागं हाय. एकेकीची आई, आज्जी मला ठावं हाय.’

‘मग तुमी कातरा की. सासरे न्हाय म्हणतात का?’

‘आमच्यात बाया सूत काढत्यात. कातर गड्यानं धरायची.’ मायाक्कानं टेबलावरच्या मशीनकडं बोट केलं. ‘पर हे कातर न्हवं. हे मिशन हाय.’

हेमावती हसली. तिनं मागं वळून फळीवरची धूळ झटकली आणि मला खाली घेतलं. ‘अक्का, लोकरीत गाठ आली की मशीन अडतं. तेव्हा एकदम जोर लागतो. आणि दिवसभर चालायला पाहिजे, म्हणजे साठाही हवा. ह्या सेलांत दोन जातींचं मिश्रण आहे. ज्वारीत दुसरी पिठं घालून धपाटं करतो, तसं. तुमच्या कामाला हेच बरं.’

दोन दिवसांत तिनं माझे सेल नव्यानं जोडले, वर संरक्षणाची एक पट्टी बसवली, निळं वेष्टन चढवलं आणि लाल बटण लावलं. मी पूर्वीपेक्षा लहान झाले होते, पण मीच होते. निघताना तिनं मायाक्काला बजावलं, ‘एवढंच करा, उन्हात ठेवू नका. हिला ऊन लागतं.’

पहिल्या सकाळी मायाक्कानं मला रानात आणलं तेव्हा ज्ञानबा जाळीच्या कुंपणाशी बसला होता. उंच, वाळलेला म्हातारा. गुडघ्यावर ठेवलेली बोटं वाकडी झालेली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

मायाक्कानं एक मेंढी धरली, तिचे पाय बांधले, जमिनीवर आडवी पाडली आणि माझं बटण दाबलं. मशीन घरघरलं. मेंढी दचकली. पोटाखाली ठीक चाललं होतं, पण मानेजवळ आल्यावर लोकरीत गोखरूचे काटे आणि चिकट गाठ लागली. मशीन अडलं. मशीनच्या मोटारीनं माझ्याकडं एकदम जोर मागितला. मी असा धक्का पुष्कळ दिवसांत दिला नव्हता. माझ्यातलं मँगनीज धावलं, पातं गाठीतून सुटलं आणि सपकन पुढं गेलं. मला स्वतःचाच अभिमान वाटला. पण तो क्षणभरच. कारण मेंढीनं तडफड केली, कातडीला घडी पडली आणि पातं त्या घडीत गेलं. रक्त आलं.

मायाक्का घाबरली. तिनं बटण बंद केलं. ज्ञानबा उठून आला. त्यानं जखमेवर हळद दाबली, मेंढीचे पाय सोडले आणि तिला उठवून उभं केलं. अर्धी कातरलेली, अर्धी तशीच. ती कळपात शिरली तेव्हा बाकीची मेंढरं तिच्यापासून बाजूला झाली.

‘बास,’ ज्ञानबा म्हणाला. ‘ठिव ते.’

‘मामा, एकदा चुकलं. पुन्ना न्हाय चुकायचं.’

‘माझ्या मेंढरावर शिकू नगंस. बापूसायेब बाजार झाला की येनार हाय. त्यो काय ते बघंल.’

मला पिशवीत टाकलं गेलं. त्या दिवशी मायाक्का काही जेवली नाही. मेंढरं चरायला नेली आणि संध्याकाळी परत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुणाला न विचारता मला पुन्हा बाहेर काढलं. कालचीच मेंढी तिनं धरली. या वेळी तिचे पाय बांधले नाहीत. पण मेंढीला कसं बसवावं, हे मायाक्काला सुचेना. मेंढी सुटायची, ती पुन्हा धरायची. दोघी दमून गेल्या.

ज्ञानबा लांबून बघत होता. मायाक्कानं तिकडं न बघताच म्हटलं, ‘तुमी कशी बसवायचा, मामा? तुमच्या हातात मेंढरू गप कसं ऱ्हायचं?’

 तो उठला आणि मेंढीच्या मागं जाऊन उभा राहिला. गुडघ्यानं तिला हलकेच रेटलं आणि ती आपोआप मागच्या पायांवर बसली. तिची पाठ त्यानं आपल्या मांडीला टेकवली. गळ्यातून एक बारीक आवाज काढला, जीभ टाळूला लावून काढतात तसा. मेंढीनं मान टाकली आणि डोळे अर्धे मिटले.

‘पाय बांदलं की जनावर भितं. भ्यालं की अंग चोरतं आन्‌ कातडीला घडी पडती,’ तो म्हणाला. ‘डावा हात रिकामा कशाला ठिवलायस? कातडी तान. हां. आता फिरव तुजं मिशन.’

मायाक्कानं बटण दाबलं. या वेळी लोकर एका सलग पदरासारखी खाली येऊ लागली. वरून मळकी काळी, आतून तुकतुकीत. ज्ञानबा एका मेंढीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी घेऊन बसू लागला. त्याची बोटं कातर धरू शकत नव्हती, पण गुडघे, मांड्या आणि गळा शाबूत होते. मध्येच तो म्हणायचा, ‘बगलंत उलटं नगं जाऊ,’ किंवा ‘सडाला जप.’ सून मान डोलवायची. मी घरघरत होते. गाठ आली की जोर, गाठ सुटली की निवांत चाल. इतकी वर्षं डांबरी रस्त्यावर पळून मला जे समाधान मिळालं नव्हतं, ते तिथं मातीत मिळालं.

संध्याकाळी शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मला चार्जिंगला लावलं जायचं. मायाक्का आधी माझ्यावर हात ठेवून बघायची आणि गार लागले तरच वायर जोडायची.

बाजाराचा दिवस होऊन गेला आणि बापूसाहेब टेम्पो घेऊन आले. कळप अजून अर्धाच कातरून झाला होता. ऊन असं होतं की जमिनीवरून वाफा निघाल्यासारखं दिसत होतं. मायाक्काला घाई झाली होती. व्यापारी यायच्या आत जेवढी होतील तेवढी मेंढरं करावीत म्हणून ती सकाळपासून थांबली नव्हती. त्या घाईत सावली सरकली आणि मी उन्हात उघडी पडले, हे तिच्या लक्षात आलं नाही.

माझं अंग तापत गेलं. मी सांगणार कुणाला? टेम्पो येऊन उभा राहिला, बापूसाहेब उतरून कुंपणाशी आले, आणि नेमकं त्याच वेळी हेमावतीनं बसवलेल्या संरक्षणाच्या पट्टीनं मला बंद पाडलं. मशीन थांबलं. मायाक्काच्या हाताखाली एक मेंढी अर्धी कातरलेली. तिनं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. मी गप्प.

बापूसाहेब हसले. ‘बसलं का मिशन? ज्ञानबा, आता किती वाट बघायची? टेम्पो भाड्याचा हाय. चल, भरू या.’

मायाक्कानं फोन लावला. पलीकडून हेमावती विचारत होती, ‘हात लावून बघा अक्का, पोळतीय का? मग सावलीला न्या आणि सोडा. पाणी ओतू नका. मेली न्हाय ती, गार झाली की उठंल.’ मायाक्कानं मला उचललं, कडुलिंबाच्या झाडाखाली पाण्याच्या घागरीशेजारी ठेवलं आणि परत येऊन उभी राहिली. 

मी तिथून सगळं ऐकत होते. मनात म्हणत होते, आता उठले पाहिजे, आताच. आजवर माझ्या जोरावर सगळं चाललंय, अशी माझी समजूत होती. पण तापलेलं अंग मनात आणलं म्हणून निवत नसतं.

‘ज्ञानबा,’ बापूसाहेब म्हणाले, ‘मागल्या म्हैन्यात तूच म्हनाला व्हतास. कातरायला मानूस न्हाय, कळप इकायचा.’

ज्ञानबाच्या मांडीला टेकून ती अर्धी कातरलेली मेंढी अजून तशीच बसली होती. त्यानं तिच्या मानेवरून वाकडी बोटं फिरवली.

‘व्हय. तवा मानूस न्हवतं.’ त्यानं हनुवटीनं सुनेकडं दाखवलं. ‘आता हाय.’

‘ही? बंद पडल्यालं मिशन घिऊन?’

‘मिशन बंद पडलंय, बापूसायेब. ती न्हाय पडली. तुमाला हेलपाटा झाला, त्याची माफी करा. पानी पिऊन जावा.’

मायाक्कानं पदर तोंडावर घेतला. बापूसाहेब थोडा वेळ कळपाकडं बघत राहिले. कातरलेली मेंढरं चरत होती, न कातरलेली सावली शोधत होती. मग त्यांनी लोटाभर पाणी घेतलं, चूळ भरली आणि टेम्पो रिकामाच वळवला. धूळ खाली बसल्यावर मायाक्का माझ्याकडं आली. तिनं अंगाला हात लावला आणि बटण दाबलं. मी सुरू झाले. पण खरं काम माझ्याशिवायच उरकलं होतं, हे मला पुरतं माहीत होतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. तो कळप मायाक्काकडंच आहे. शेजारच्या कळपांतून कातरायची आणि तिथल्या बायांना शिकवायची बोलावणी येऊ लागली. करकंबकडून आली, उजनीच्या काठच्या गावांतूनही आली. ज्ञानबा न्यायला आलेल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून जातो, मेंढरू मांडीला घेतो आणि कातरणाऱ्या बाईला रागावतो. बिरुदेव सुट्टीत येतो तेव्हा लोकरीची पोती बांधून देतो.

मी आता थकले आहे. खोटं कशाला सांगू? दोन पावडरींनी एकमेकींना पुष्कळ सांभाळलं, तरी मँगनीज थोडं थोडं विरघळत गेलंच. मागच्या महिन्यात हेमावतीनं पुन्हा माझी रेघ काढून बघितली आणि म्हणाली, ‘मोठ्या कामाला आता नवी घ्या, अक्का.’ नवी आली. तीही मिश्रणाचीच आहे, अंगानं तकतकीत आहे आणि दिवसाचं काम तीच करते. मला वाटलं, आता मी पुन्हा फळीवर. पण मायाक्कानं मला पिशवीतून काढलं नाही. कातरायला शिकू बघणाऱ्या बायांसाठी तिनं मला ठेवलं आहे. माझा जोर उतरल्यामुळं पातं जरा मंद चालतं आणि नव्या हाताला ते बरं पडतं.

एक दिवस मी साफ बंद पडेन. तेव्हा मला उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. माझ्या पोटातून विष आणि आग दोन्ही निघतील. मला हेमावतीसारख्या कुणाकडं पोचवा. ती मला पुढं अशा ठिकाणी पाठवील, जिथं माझ्यातलं लिथियम, निकेल, कोबाल्ट, मँगनीज वेगळं काढतात. त्याची पुन्हा पावडर होईल, पुन्हा कुणी ती घुसळेल, पत्र्यावर लेपेल. तुमच्या घरी कपाटात बंद पडलेले मोबाइल असतील, त्यांच्यासाठीही माझं हेच मागणं आहे.

बरं, आता मला जायला हवं. शेजारच्या कळपातली मल्लव्वा आलीय. नवी नवरी आहे, हातातल्या हिरव्या बांगड्या तिनं कोपरापर्यंत मागं सारल्या आहेत. ज्ञानबानं मेंढी बसवलीय आणि मायाक्का तिला सांगतेय, ‘भिऊ नगंस. आदी कातडी तान.’ पोरीचं बोट माझ्या बटणावर आलंय. पहिला जोर मला बेतानं द्यायचा आहे.